पूल झाला, तरीचे काय झाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण फराळाच्या आधी ठेवावे, म्हणजे कोणी मधून उठून जात नाही, असा आपल्या चिटणीसबाईंचा अनुभव आहे. त्या अनुभवाचा फायदा आज मला मिळतो आहे. विषय निवडण्याची मोकळीक होती. ताकीद एवढीच, की माहितीचे काही सांगा आणि उपदेश थोडक्यात आटपा. म्हणून मी नावाड्यांचा विषय घेतला.

आता तुम्ही म्हणाल, विठ्ठलवाडीत बसून नावांच्या गोष्टी कशाला? आपल्या जवळून वाहते ती वालधुनी. तिच्यात आज मुलांची कागदाची होडी सोडायलाही मन धजत नाही. हे खरे. पण ही वालधुनी उल्हास नदीला मिळते. उल्हास कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखालून खाडी होऊन जाते, डोंबिवलीच्या मोठागावाला वळसा घालते आणि ठाण्याजवळ तिचे दोन फाटे होतात. एक वसईकडे जाऊन समुद्राला मिळतो, दुसरा ठाण्याची खाडी होऊन मुंबईच्या बंदराकडे उतरतो. या दोन फाट्यांनी आणि समुद्राने वेढलेली जी भूमी, ती साष्टी. साष्टी हे बेट आहे. आपली मुले रोज सकाळी लोकल पकडून ठाण्याला, मुलुंडला, घाटकोपरला जातात, ती वास्तविक बेटावर जातात. आपल्याला ते जाणवतही नाही, याचे कारण मधला पूल. कळवा सुटते, दोन मिनिटे चाकांचा आवाज बदलतो, आणि आपण पाणी ओलांडलेले असते.

पूल नव्हता तेव्हा लोक तरीने जात. ‘तर’ हा शब्द आता मुलांना सांगावा लागतो. नदीच्या किंवा खाडीच्या ठरलेल्या जागी, ठरलेले भाडे घेऊन माणसे, गुरे, धान्य, पाट्या, गाठोडी या तीरावरून त्या तीरावर पोहोचवणारी नाव म्हणजे तर. ती चालवणारा नावाडी भरती-ओहोटीचे गणित तोंडपाठ ठेवी. उधाण असले की थांबवी, काळोख पडू लागला की घाई करी. लग्नाचे वऱ्हाड असो की अडलेली बाळंतीण, सर्वांचा जीव त्याच्या वल्ह्यावर असे.

मग पूल आले. पूल आले ते चांगलेच झाले, हे मी आरंभीच सांगून टाकते; नाहीतर ‘बाई जुन्या काळाच्या दिसतात’ असे कोणी म्हणायचे. पुलाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. पूल झाल्यावर त्या तरीचे काय झाले, आणि तिच्यातून जाणाऱ्या माणसांचे काय झाले? ठिकठिकाणची उत्तरे पाहिली तर ती सारखी नाहीत, आणि ती का सारखी नाहीत यात आपल्या कामाचा मोठा धडा आहे.

पहिली गोष्ट माहीमची, आणि ती एका बाईची आहे. मुंबई बेटावरचे माहीम आणि साष्टीवरचे वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. माणसे होडीने ये-जा करीत. पावसाळ्यात होड्या बुडून माणसे दगावत. सरकार पूल बांधायला तयार होईना. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःचे पैसे दिले. आधी लाख रुपये दिले, ते पुरेनात म्हणून आणखी दिले. एकूण १ लाख ५७ हजार. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. भगिनींनो, रकमेपेक्षाही मला आवाबाईंची अट मोलाची वाटते. या रस्त्यावर कोणाकडूनही कर घ्यायचा नाही, ही ती अट. म्हणजे काल जी बाई दोन पैसे देऊन होडीत बसत होती, ती आज डोक्यावर पाटी घेऊन फुकट चालत जाऊ लागली. तर बंद पडली, परंतु तरीतले माणूस पुलावर आले. माहीम-दादरच्या बाजूला आजही लेडी जमशेटजींच्या नावाचा रस्ता आहे. तिकडे गेलात तर मनातल्या मनात हात जोडा.

दुसरी गोष्ट आपल्याच मार्गावरची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे आपल्या शाळेतल्या पोरीही सांगतील. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून गाडी कल्याणला आली. कल्याण हे किती जुने बंदर! कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले, आणि मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीत झाला असे आपण अभिमानाने सांगतो. अशा बंदराचा माल हळूहळू रुळांवर चढला आणि धक्का रिकामा पडत गेला. वाहतूक गेली, पण पाण्याचा धंदा लगेच गेला नाही. खाडीतली रेती काढून वाहणारे पडाव मागे राहिले. कल्याण, डोंबिवली, मुंब्रा या सर्व ठिकाणी ‘रेतीबंदर’ हे नाव आहे ना, ते त्या धंद्याचे. बंदर गेले, नाव उरले. सासर बदलले तरी माहेरचे नाव ओठांवर राहावे तसे.

या दोन्ही गोष्टींत पुलाने माणसाला सामावून घेतले. माहीमला पायी जाता आले, ठाण्याला तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून बसता आले. आता तिसरी गोष्ट ऐका. ती वेगळी आहे.

भाईंदर आणि नायगाव यांच्या दरम्यान वसईच्या खाडीत पाणजू नावाचे लहानसे बेट आहे. वसईच्या खाडीवर रेल्वेचे पूल झाले ते १८६४ साली, आणि ही लोहमार्गाची वाट पाणजूवरून जाते. बेटावरून दिवसाकाठी शेकडो गाड्या धडधडत जातात, पण तिथे स्टेशन नाही. एकही गाडी थांबत नाही. पूल डोक्यावरून गेला आणि बेट होते तसेच पाण्यात राहिले. तिथल्या मंडळींना नायगावला यायचे तर होडीच हवी. होडी मिळाली नाही, तर जीव मुठीत धरून रेल्वेपुलाच्या कडेच्या अरुंद वाटेने चालत यायचे. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात असाच एक तरुण पुलावरून चालला होता. धावत्या लोकलमधून कोणीतरी निर्माल्याचा नारळ खाडीत म्हणून भिरकावला, तो त्याच्या डोक्यात लागला आणि तो दगावला.

भगिनींनो, गाडीच्या दारातून खाडीला नारळ टाकणारे हात पुष्कळदा आपलेच असतात, आपल्या भावाचे, मुलाचे असतात. खाली पाणी आहे असे आपण समजतो. खाली माणूस चालत असेल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. यापुढे तरी निर्माल्य घाटावर नेऊन कलशात घाला. धावत्या गाडीतून काहीही टाकू नका, आणि डब्यात दुसरे कोणी टाकताना दिसले तर हात धरा. एवढे जरी आजच्या भाषणातून घरी नेलेत तरी माझे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.

त्याच खाडीत आणखी एक मौज झाली. रेल्वेपूल होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली. पण मोटारीने वसईहून भाईंदरला जायचे म्हणजे घोडबंदरावरून तीस किलोमीटरांच्या वर वळसा. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर जलवाहतूक सुरू झाली. माणसे, मोटारी, स्कुटर सगळे एका सपाट बोटीत चढते. कोकणात दाभोळ-धोपाव्याला २००३ पासून अशी बोट चालते, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. तीच तऱ्हा इथे आली. म्हणजे पूल झाला की तर कायमची संपली, हेही खरे नाही. जिथे पुलाने कोणाला तरी वगळले, तिथे तरीला पुन्हा बोलवावे लागते.

नव्या पुलांनी कोणाला वगळले, हे पाहायचे तर मुंबईचा अटल सेतू पाहा. शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंत २१.८ किलोमीटर लांब. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. तो पाहून अभिमानाने छाती भरून येते, यात शंका नाही. पण त्यावर स्कुटर चालत नाही, रिक्षा चालत नाही, आणि पायी चालणाऱ्याला तर मज्जावच आहे. मोटारीला एका खेपेचा पथकर आरंभी २५० रुपये ठरला. काही बसगाड्या जातात, तेवढाच सामान्य माणसाला आधार. त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच काही बंद पडली नाही. हातात पिशवी, कडेवर मूल, पायाशी पाटी, असा उतारू तिला अजून आहे. १८४५ साली एका बाईने दिलेल्या पैशांवर झालेला बांध पायी चालणाऱ्याला फुकट खुला होता. सुमारे १८० वर्षांनी बांधलेला सेतू पायी चालणाऱ्यासाठी नाही. वेगवान गाड्यांत पायी माणूस सोडणे धोक्याचे, हे मी जाणते. पण मग त्याची दुसरी सोय पूल आखतानाच व्हायला नको काय?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. स्कॉटलंडमध्ये स्काय नावाचे बेट आहे. १९९५ साली तिथे पूल झाला आणि त्याबरोबर मोठी फेरी बोट बंद झाली. पुलावर जबर कर बसवला. एरव्ही शांत अशा त्या बेटकऱ्यांनी कर द्यायचे नाकारले, खटले सोसले, आणि अखेर २००४ साली तो कर रद्द करून घेतला. त्याच बेटावर दुसऱ्या एका ठिकाणी एक लहान तर चालत असे, तिचा फलाट हातांनी फिरवावा लागतो. ती बंद पडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी मंडळी जमवून ती विकत घेतली आणि स्वतः चालवू लागले. आपल्या मंडळाने भिशीतून पापडाचे यंत्र घेतले तर केवढा गाजावाजा होतो! तिथल्या लोकांनी नाव घेतली.

आता कोणी विचारील, की पुलासारखा भरभक्कम सोबती असता नावेचे एवढे कौतुक कशाला? तर त्याला कारण असे, की पूलही आजारी पडतो. पणजीला मांडवी नदीवर १९७० साली पूल झाला. सोळा वर्षांनी, ५ जुलै १९८६ रोजी, तो कोसळला. राजधानी आणि पलीकडचा बारदेश यांचा दुवा तुटला. अशा वेळी धावून आल्या त्या फेरीबोटी. नवा पूल १९९२ मध्ये होईतो गोव्याची ये-जा त्यांनी सांभाळली. आज मांडवीवर एकाशेजारी एक असे तीन पूल आहेत, तरी पणजी-बेती ही फेरी चालूच आहे, आणि पायी उतारूकडून ती पैसा घेत नाही. गोव्यातल्या लोकांना एकदा चटका बसलेला आहे. त्यांनी नाव मोडीत काढली नाही.

पूल आजारी पडणे म्हणजे काय, हे आपल्याला का सांगायला हवे? कल्याणचा पत्री पूल आठवा. पाण्यावरचा नव्हे, रुळांवरचा, पण पूलच. २०१८ च्या नोव्हेंबरात तो पाडला आणि नवा खुला झाला तो २०२१ च्या जानेवारीत. मधल्या दोन वर्षांत रिक्षात बसून किती वेळा आपण कपाळाला हात लावला, ते प्रत्येकीने आठवावे.

आणि महापुराची गोष्ट तर आपल्या दाराशीच घडली. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. हजाराच्या वर प्रवासी, त्यांत लेकुरवाळ्या आणि गरोदर बायका. चहूकडे पाणी. रूळ होते, इंजिन होते, पण कामास आली ती होडीच. मदत पथकांच्या होड्या आल्या आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या ऑगस्टात, केरळात प्रलय झाला तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकांवर घालून गावोगाव नेल्या आणि हजारो जीव वाचवले. होडी विकत मिळते. पाणी ओळखणारे हात विकत मिळत नाहीत. ते पिढ्यांनी तयार होतात आणि एका पिढीत नाहीसे होतात.

त्या हातांचेच मला आज अधिक बोलायचे आहे. रस्त्यासाठी ज्याची जमीन जाते त्याला भरपाई मिळते. ती पुरते की नाही, हा निराळा प्रश्न. पण निदान कागद तरी होतो. नावाड्याची जमीन जात नाही, त्याचा धंदा जातो. पाणी त्याच्या नावावर नव्हते, म्हणून त्याला सातबारा दाखवता येत नाही. पुलाच्या उद्घाटनाला हार असतात, भाषणे असतात. आदल्या दिवसापर्यंत ज्याने गाव पार केला त्याला तिथे कोणी बोलावीत नाही. गरज सरो, वैद्य मरो, अशी आपल्यात म्हण आहे. तिच्यात वैद्याच्या जागी नावाडी घातला तरी चालेल. आणि त्याच्या घरची बाई? नवरा वल्हे मारी तेव्हा धक्क्यावर ती मासळी, भाजी, चणे-शेंगदाणे विकी, कारण उतारू तिथे थांबत. पुलावर कोणी थांबत नाही. धक्का ओस पडला की तिचीही मिळकत बुडाली. तिचा तर कोणत्याच हिशेबात उल्लेख नसतो.

आता आपल्या जवळचे पाहू. डोंबिवलीचे मोठागाव आणि पलीकडचे माणकोली यांना जोडणारा पूल २०२४ मध्ये खुला झाला. ठाण्याकडे, नाशिकच्या रस्त्याकडे जाणाऱ्यांचा केवढा वळसा वाचला! आपल्यापैकी कित्येकींच्या घरची माणसे त्यावरून रोज जात असतील. आणि मौज पाहा, २०१६ च्या कायद्याने हीच आपली खाडी, कल्याण-ठाणे-मुंबई, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झालेली आहे. म्हणजे जिला आपण पाठ फिरवली ती कागदोपत्री पुन्हा रस्ता झाली आहे. उद्या खरोखरच बोटी चालू झाल्या, तर त्या चालवायला आणि खाडीचे गाळ-खडक दाखवायला माणसे कुठून आणणार? ती काठावरच्याच गावांत आहेत. त्यांची आठवण आज ठेवली तर उद्या ती हाती लागतील.

तेव्हा मी तीन गोष्टी सुचवते. उपदेश थोडक्यात आटपा असे म्हटले होते, म्हणून तीनच.

पहिली. मोठागावच्या पुलावरून आपण मोटारीतून, रिक्षातून गेलो असू. एकदा चालून पाहू या. पायी माणसाला किती जागा आहे, कठडा कसा आहे, संध्याकाळी दिवे लागतात की नाही, बस कुठे थांबते, म्हाताऱ्या माणसाला चढ झेपतो का, हे डोळ्यांनी पाहून लिहून घेऊ. जे उणे दिसेल त्याचा अर्ज मंडळाच्या नावाने महानगरपालिकेकडे देऊ. ‘सोय करा’ असा मोघम अर्ज कचेरीत पडून राहतो. ‘अमुक खांबाजवळ दिवा नाही’ असे लिहिले की कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

दुसरी. काठावरच्या गावांत ज्यांनी नाव चालवली, पडाव चालवले, अशी वयस्कर माणसे आहेत. त्यांच्या बायका आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसायचे आणि विचारायचे. भाडे काय होते, उधाणात काय करीत, धक्का बंद झाल्यावर पोट कशावर भरले. वही-पेन्सिल पुरे. आपल्यातल्या तरुण मुलींना दूरध्वनीवर आवाज टिपता येतो, त्यांनी तो टिपावा. पुढल्या स्मरणिकेत त्यांच्या परवानगीने हा मजकूर छापू. पाककृतींना आपण दरवर्षी आठ पाने देतो. दोन पाने यांना देऊ.

तिसरी. घाट आणि धक्क्याच्या पायऱ्या मोडू देऊ नयेत, आणि आपण त्या घाण करू नयेत. गणपती विसर्जनाला आपल्याला घाट लागतोच. वर्षातून एकदा लागणारी जागा वर्षभर उकिरडा होऊ द्यायची, हे बरे नव्हे. पूल बंद पडला, पूर आला, तर माणूस शेवटी त्याच पायऱ्यांवर येऊन उभा राहतो.

भगिनींनो, उत्तरेकडे नावेच्या भाड्याला ‘उतराई’ म्हणतात. रामाला गंगापार नेणाऱ्या केवटाने ती घ्यायचे नाकारले, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. आपण मराठीत उतराई होणे म्हणतो ते उपकार फेडण्याला. आपल्या आज्या-पणज्या ज्यांच्या नावांतून माहेरी-सासरी आल्या-गेल्या, त्यांचे भाडे त्यांनी दिलेले आहे. पण पैसे दिले म्हणून उतराई झालो असे नव्हे. ती बाकी आपल्याकडे आहे, आणि ती फेडायला फार मोठे काही लागत नाही. एक रविवार, एक वही आणि एक नीट लिहिलेला अर्ज.

येत्या रविवारी सकाळी मोठागावच्या पुलावर ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे फराळानंतर चिटणीसबाईंकडे द्यावीत. चपला चालण्याजोग्या घालाव्यात, पाण्याची बाटली आणावी. सुनांनी सासवांना आणि सासवांनी सुनांना घेऊन यावे. वाटेत बोलणे होईल, तेवढेच बरे.